नवी नोकरी, दोन महिने झालेले नाहीत, आणि आजीचं सहस्रचंद्रदर्शन. रजा मागू कशी?

चाचणीनळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी फोंड्याची. १२ ऑक्टोबरला वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत लागले. क्वालिटी कंट्रोलची लॅब, जनरल शिफ्ट. सहा महिने प्रोबेशन. सकाळी सव्वासातला फर्मागुडीला कंपनीची बस धरायची, बोरीचा पूल ओलांडायचा, संध्याकाळी तोच पूल उलटा. एमएस्सीनंतर दीड वर्ष घरी बसून काढल्यावर मिळालेली नोकरी आहे, म्हणून जरा जास्तच जपते.

तर १८ डिसेंबरला माझ्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. गुरुजींनी तिथी काढून दिली. मंगेशीच्या अग्रशाळेत खोल्या सांगून झाल्या. मुंबईहून दोन आत्या, बेळगावहून काका, सगळे १७ ला संध्याकाळपर्यंत पोचणार. दुर्दैव असं की १८ शुक्रवार, १९ शनिवार म्हणजे गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, २० रविवार. त्यामुळे १८ ची रजा मागणारा प्रत्येक जण जोडून सुट्टी मारायला बघतोय असंच वाटणार. आमच्या लॅबमधल्या दोघांनी आधीच गोकर्णचा बेत ठरवलाय.

घरच्यांचं म्हणणं, १७ ची पण घे, तयारीला कोणी नाही. धाकट्या आत्याचं म्हणणं, २१ ची पण घे, सोमवारी मंगेशाची पालखी बघून मगच ती मंडळी जाणार.

रजेच्या पोर्टलवर कारण निवडायचं असतं: स्वतःचं लग्न, निकटच्या नातेवाइकाचं निधन, आजारपण, इतर. सहस्रचंद्रदर्शन 'इतर' मध्ये. साहेब गोव्याबाहेरचे आहेत, मराठी-कोंकणी कळत नाही. गेल्या आठवड्यात एकाने रजा मागितली तर त्याला सगळ्यांसमोर "तुम्ही नवीनच ना?" एवढंच म्हणाले. ते ऐकल्यापासून माझी विचारायची छातीच होत नाही.

मागू का? मागितली तर किती दिवसांची, आणि कशी?

सत्तरीकर

आगो, भियेता कित्याक? विचारल्यार कोण खायना. जास्तीत जास्त नाही म्हणतील.

गप्पिष्ट_गोंयकार

एवढं काय त्यात. १७ ला संध्याकाळी ताप, १८ ला डॉक्टर, २१ ला अशक्तपणा. मेडिकल सर्टिफिकेट आणून द्यायचं. आम्ही सगळी नोकरी अशीच काढली.

रोस्टरवाली

गप्पिष्ट, तुमच्या काळात लोकांकडे मोबाइल नव्हते. धागाकर्तीच्या चुलतभावंडांपैकी एकाने तरी औक्षणाचा फोटो स्टेटसला टाकणारच, आणि त्यात ही नऊवारीत निरांजन धरून उभी. आमच्याकडे एकाने चुलत्याच्या निधनाची रजा घेतली होती. आपल्याकडे माणूस गेला की पेपरात फोटोसकट निधनवार्ता येते, ती सकाळच्या चहाबरोबर अख्खा गोवा वाचतो. चार दिवस वार्ता आली नाही तेव्हा आमच्या स्टोअरकीपरनेच भाबडेपणाने विचारलं, "चुलते कुठले म्हणायचे?" पुढचं सांगत नाही.

चाचणीनळी, मी कुंडईला अशाच एका लॅबची सेक्शन हेड आहे, म्हणजे तुमच्या साहेबांच्या जागेवर बसलेली. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही कारणाची काळजी करताय. कारण सहस्रचंद्रदर्शन असो, बारसं असो की घरातली पूजा, माझ्या डोक्यात ते पाच सेकंद राहतं. त्यानंतर मी रोस्टर उघडते आणि एकच बघते: त्या दिवशी हिच्या नावावर काय काय आहे, आणि ते कोण करणार. डिसेंबरात वर्षअखेरीचे डिस्पॅच असतात. स्टॅबिलिटीचे, म्हणजे औषध किती टिकतं ते बघायचे, नमुने ठरल्या तारखेलाच चेंबरमधून काढावे लागतात. त्यात निम्म्या लोकांना नाताळ हवा असतो. "सर, रजा हवी होती" एवढंच म्हणत कोणी दारात उभं राहिलं, की हे सगळं कोडं माझ्या गळ्यात पडतं. मग तोंडातून निघतं, "तुम्ही नवीनच ना?" तो राग त्या माणसाचा नसतो, रोस्टरचा असतो. (असं मी माझी समजूत घालते. कदाचित थोडा माणसाचाही असेल.)

तुमच्या नावावर रोज काय असतं ते लिहा, मग बोलू.

चाचणीनळी

रोस्टरवालीताई, मी सगळ्यात ज्युनिअर. सकाळी वजनकाट्यांची रोजची तपासणी, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, मग येतील ते कच्च्या मालाचे नमुने. एचपीएलसीवर (औषधातले घटक मोजायचं यंत्र) अजून एकटीला बसू देत नाहीत.

ताप येणार नाही. खोटं बोलताना माझे कान लाल होतात.

बोरीचा_पूल

कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात पगारी वार्षिक रजा मिळायला वर्षात २४० दिवस काम भरावं लागायचं, आणि मग दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस. नव्या श्रमसंहितेत तो २४० चा आकडा १८० वर आणलाय. कसंही मोजा, दोन महिन्यांत तुमच्या खात्यात हक्काची रजा जमलेली नाही. कॅज्युअल लीव्ह हा कारखाना कायद्यातला हक्क नव्हे, ती कंपनी आपल्या नियमाने देते. तुमच्या नेमणूकपत्रात प्रोबेशनच्या काळात सीएल आहे का, ते आधी बघा. पुष्कळ ठिकाणी महिन्याला एक या हिशोबाने मिळते. लोक पत्रातला पगाराचा आकडा वाचतात आणि पान उलटतात.

आणखी एक. जुन्या कायद्यात रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी द्यावा असं होतं. तुमची कंपनी काय म्हणते ते वेगळं, पण पंधरा दिवस हा आकडा ध्यानात ठेवा. त्याच्या आत मागितलेली रजा उशिराचीच वाटते.

चाचणीनळी

पत्र आत्ता काढून वाचलं. प्रोबेशनमध्ये सीएल नाही. "आवश्यकतेनुसार बिनपगारी रजा विभागप्रमुखांच्या मंजुरीने." आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी सुट्ट्या "दोन्ही बाजूंनी रजा असल्यास" असं आहे, ते कळलं नाही.

बोरीचा_पूल

अहो, तेच तर खरं मर्म! त्याला सगळे सँडविच म्हणतात. सुट्टीच्या आधीच्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी, दोन्ही दिवशी तुम्ही रजेवर असलात, तर मधली सुट्टीही रजेत धरायची. तुमचा हिशोब मांडतो. घरच्यांचं ऐकून १७, १८ आणि २१ घेतलीत, तर मधले १९ आणि २० पण बिनपगारी. तीन दिवसांची रजा पाच दिवसांची झाली. २१ ला कामावर गेलात तर दोनच दिवस कापले जातील. म्हणजे आत्याबाईंची पालखी एकट्या सोमवारची नाही, तीन दिवसांची पडते.

चाचणीनळी

अरे देवा. पगार १९,५०० आहे, तीसने भागलं तर दिवसाला ६५०. पाच दिवसांचे ३,२५०. आत्याला सांगते पालखी मोबाइलवर दाखव म्हणून.

कळंगुटचा_काउंटर

तुम्ही नशीबवान, कारखान्यात आहात. आमच्याकडे हॉटेलात डिसेंबरचा दुसरा अर्धा म्हणजे रजा हा शब्दच बोलायचा नाही. नोव्हेंबरातच नोटीस लागते. मी फ्रंट ऑफिसला लागलो तेव्हा मुलाखतीतच सांगितलं होतं, की २७ ला बहिणीच्या बाळाचं बारसं आहे, घेणार असाल तर ती एक तारीख सोडून घ्या. मॅनेजर हसला, पण ऑफरच्या मेलमध्ये ती तारीख लिहून दिली. नंतर मॅनेजर बदलला, नवा म्हणाला कसली रजा, मी मेल पुढे केली. लिहिलेलं होतं म्हणून गेलो. जे काही ठरेल ते मेलवर घ्या, एवढंच सांगतो.

चाचणीनळी

मुलाखतीच्या वेळी तारीखच ठरली नव्हती हो. आणि ठरली असती तरी दीड वर्षाने मिळालेल्या मुलाखतीत मी आजीचा विषय काढला असता असं वाटत नाही.

निवृत्त_मास्तर

बाळे, प्रथम आजीला माझा नमस्कार सांग. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण २९,५३० दिवस, ऐंशी वर्षं दहा महिने. गणित मुद्दाम करून बघितलं, सवय जात नाही.

मी सत्तरीतल्या एका एकशिक्षकी शाळेत नेमलेला. मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातलीच एक. पहिल्याच वर्षी बहिणीचं लग्न निघालं. भागशिक्षणाधिकारी म्हणाले, "रजा घ्या, पण शाळा बंद दिसता कामा नये." मी शेजारच्या गावातल्या मास्तरांना गाठलं. त्यांनी दोन दिवस दुपारी माझी शाळा घेतली, मी नंतर त्यांच्या घरी शिगम्याला चार दिवस त्यांची घेतली. अधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन गेलो तो त्या मास्तरांची चिठ्ठी जोडूनच. त्यांनी अर्ज वाचलाच नाही, चिठ्ठी वाचली.

पेडण्याची_पाखरू

मास्तर 👏

पण एक विचारू? हे सगळं खूप समंजस चाललंय. आजीचं वय ८१. कंपनीला असल्या शंभर लॅबवाल्या मिळतील, हिला दुसरी आजी मिळणार नाही. नाही म्हणाले तर सरळ खाडा करावा. ६५० रुपये कापतील, अजून काय?

रोस्टरवाली

पाखरू, न सांगता खाडा आणि बिनपगारी रजा यांत पैसे तेवढेच कापले जातात, पण प्रोबेशनच्या शेवटी माझ्यासमोर जो कागद येतो त्यात हे दोन वेगळ्या रकान्यांत असतात. पहिला रकाना भरलेला असेल तर मला एचआरला उत्तर द्यावं लागतं. मी स्वतः दोनदा एका मुलासाठी भांडले, तिसऱ्यांदा भांडले नाही.

तरीही तुमचं अर्धं म्हणणं मान्य. नाही म्हणाले तर पुन्हा विचारावं. पहिला नकार हा बऱ्याचदा नुसता सुस्कारा असतो.

वास्कोचा_जावई

आपल्याकडे रजेचं सगळ्यात विनोदी प्रकरण म्हणजे स्वतःचं लग्न. माझी नोकरी तीन महिन्यांची, साहेब पुण्याचे. मी म्हटलं, सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिल्या सहीला अर्धा दिवस. मग हरकतींची मुदत सरल्यावर दुसऱ्या सहीला साक्षीदार घेऊन पुन्हा अर्धा दिवस. मग देवळातलं लग्न. साहेब मला म्हणाले, "तुम्ही किती वेळा लग्न करताय?" त्यांना वाटलं मी रजा लाटतोय. पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे, कचेरी रविवारी उघडत नाही, दुसऱ्या सहीशिवाय कायद्याने लग्नच नाही, हे समजावताना माझा घाम निघाला. शेवटी तिन्ही तारखा एकाच मेलमध्ये लिहिल्या, प्रत्येकीपुढे एक ओळ, की हे काय असतं. तेव्हा कुठे गाडी चालली. तुकड्यातुकड्याने मागितलं की प्रत्येक वेळी तुम्ही नव्याने भिकारी.

म्हणून सहस्रचंद्रदर्शन म्हणजे काय हे एका ओळीत लिहा. साहेब दक्षिणेकडचे असतील तर तेही लागणार नाही, त्यांच्याकडेही हा सोहळा करतात.

रोस्टरवाली

चाचणीनळी, आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते.

१७ सोडा. खरंच सोडा. १७ ला साडेपाचला सुटून सातला मंगेशीला पोचाल, माळा गुंफायला रात्र आहे. मागायची ती फक्त १८. आणि बदल्यात १९ द्या. मुक्तिदिनाला लॅबमध्ये कोणीतरी लागणारच, प्रॉडक्शन चालू असेल तर काटे तपासायला माणूस हवाच, आणि त्या दिवशी यायला कोणी तयार नसणार. तुम्ही "१९ ला मी येते" म्हणालात तर जोडून सुट्टीचा संशय तिथेच मेला.

काटे आणि पीएच मीटर १८ ला कोण बघेल, त्या व्यक्तीला आधी विचारा. ती हो म्हणाली की मगच साहेबांकडे जा. आणि आधी तोंडी, मग मेल. नुसती मेल आली की मला वाटतं माणूस घाबरतोय किंवा शिष्ट आहे. वेळ साधा: सकाळी साडेनऊ नको, नमुन्यांची झुंबड असते. जेवणानंतर.

मेल इंग्रजीत जाईल, पण आशय एवढाच असू दे:

"शुक्रवार, १८ डिसेंबर रोजी एक दिवसाची बिनपगारी रजा मिळावी. माझ्या आजीच्या वयाला हजार पौर्णिमा पूर्ण झाल्याचा घरचा धार्मिक विधी आहे, तारीख तिथीनुसार ठरलेली असल्याने बदलता येत नाही. त्या दिवशीची माझी सकाळची कामं अमुक यांनी करायचं मान्य केलं आहे. शनिवार, १९ ला मी कामावर येऊ शकते. आपलं आज तोंडी बोलणं झालं, त्याप्रमाणे लिहीत आहे."

"कृपा", "क्षमस्व", "पुन्हा असं होणार नाही" यातलं काही घालू नका. आजीला पुन्हा ८१ वर्षं होणार नाहीतच, ते लिहायची गरज नाही.

गप्पिष्ट_गोंयकार

ताप सोपा होता.

चाचणीनळी

सगळ्यांना देव बरें करूं. उद्या एका सीनिअरला विचारते. ती ऑक्टोबरात तिच्या गावच्या फेस्ताला गेली तेव्हा तिचे काटे मीच केले होते, तिला आठवत असेल तर.

---

चाचणीनळी (तीन दिवसांनी)

झालं एकदाचं. सांगते.

सीनिअरला आठवत होतं. उलट तीच म्हणाली, "एवढा वेळ का लावलास?" जेवणानंतर साहेबांकडे गेले. मी रात्रभर पाठ केलेलं "सर, माय ग्रँडमदर" सुरू केलं, तर ते स्क्रीनवरून मान न काढता म्हणाले, "१८ ला सकाळी काटे कोण तपासणार?" शब्दाला शब्द हेच! माझं पुढचं पाठांतर विसरलं, पण नाव सांगितलं. मग मान वर. "१९ ला यायला जमेल?" मी म्हटलं, मी तेच सांगणार होते. "मेल करा." संपलं. दीड मिनिट. आजीचं काय आहे ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं. समजावून सांगायला मी एवढी तयारी केली होती.

गोकर्णवाल्यांपैकी एकाला नाही म्हणाले. तो माझ्याशी नीट बोलत नाहीये.

पेडण्याची_पाखरू

तो बोलेल. त्याने काटे कोणाला दिले होते?

चाचणीनळी

कोणालाच नाही.

रोस्टरवाली

मेलला "मंजूर" असं उत्तर आलं का? पोर्टलवर टाकलं का? दोन्ही करा. महिनाअखेरीला पगार करणारा माणूस मेल वाचत नाही, पोर्टल वाचतो. पोर्टलवर नसेल तर तो खाडा धरेल आणि तुमचे साहेब तेव्हा रजेवर असतील.

चाचणीनळी

मेलला उत्तर आलं. पोर्टलवर आत्ता टाकते. कारण: इतर.

सत्तरीकर

पळय, कोणें खालें?

---

चाचणीनळी (२१ डिसेंबर)

धागा वर काढतेय, कारण मास्तरांनी मला व्यक्तिगत निरोप करून विचारलं की आजीची तुला झाली का.

झाली. ८१ दिव्यांनी ओवाळलं. वारा एवढा की शेवटचा पेटेपर्यंत पहिला विझायचा, काकांनी पंचा धरून आडोसा केला. आजीची गुळाची तुला केली. ती काट्यावर बसायलाच तयार नव्हती, "मला काय बाजारात मांडताय" म्हणून. ४३ किलो भरली. १७ ला मी सव्वासातला पोचले तेव्हा माळा झाल्या होत्या, माझ्यासाठी मुद्दाम एक तोरण ठेवलं होतं. आज आत्या मंगेशीला पालखी बघतेय आणि मी वेर्ण्याला नमुने. फोटो पाठवलाय तिने, सगळा अंधारच आहे.

१९ ला कामावर गेले. लॅबमध्ये आम्ही तिघंच, साहेब स्वतः आले होते. प्रसादाचा गूळ नेला होता, तो दिला. तेव्हा पहिल्यांदा विचारलं, कसला गूळ. मी सगळं सांगितलं, हजार पौर्णिमा, दिवे, तुला. त्यांनी शांतपणे ऐकलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "तो काटा कॅलिब्रेट केलेला होता का?"